यीस्टचं नाक आणि आईचा डबा

यीस्टला नाक नसतं, पण लग्न ठरायची वेळ आली की फुटतं. हे वाक्य मी इंदूरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात गेली अठरा वर्षं दर वर्षी एकदा बोलते आणि दर वर्षी त्याच जागी वर्ग हसतो. विनोद जुना झाला तरी मुलं नवी येतात, ही आमच्या पेशातली एकमेव सोय आहे.

फळ्यावर मी दोन गोल काढते. पाव फुगवणारं यीस्ट म्हणजे एकेका पेशीचा जीव. त्यात दोन प्रकार, ए आणि अल्फा. दोघींना पाय नाहीत, डोळे नाहीत, जागचं हलता येत नाही. मग जोडीदार शोधायचा कसा? ए आपला एक रासायनिक निरोप आजूबाजूच्या ओलाव्यात सोडते, अल्फा आपला सोडते. ए-चा निरोप अल्फालाच कळतो, अल्फाचा ए-लाच. निरोप पोचला की पेशी हातातलं काम टाकते. एरवी एकीच्या दोन, दोनाच्या चार होणं चाललेलं असतं, ते बंद. आणि जिकडून निरोप जास्त येतोय तिकडे तिच्या अंगाला एक टोक फुटतं, थेट नाकासारखं. समोरचीलाही फुटतं. नाकाला नाक भिडलं की मधली भिंत विरघळते आणि दोघींची एक होते. त्यानंतर ती ना निरोप सोडते, ना कुणाचा ऐकते. इथे मी म्हणते, "बाकीचं आपापल्या घरी बघा," आणि वर्ग पुन्हा हसतो.

मग माझी खास टाळी. "ए आणि ए शेजारी शेजारी कितीही दिवस ठेवा, काही होणार नाही. यीस्टमध्ये आपल्यातलं आपल्यात जमतच नाही." कुणीतरी मागून विचारतंच, "मतलब मॅम, इंटरकास्ट चलता है?" मी चष्मा काढून पुसते आणि म्हणते, "सिर्फ वही चलता है." टाळ्या. आपण केवढ्या पुरोगामी, या आनंदात त्या दिवशी मी कँटीनमध्ये एक कचोरी जास्तीची खाते.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे मी जे केलं ते ही टाळ्या घेणारी बाई असून केलं.

आम्ही बडा गणपतीजवळ एका तीन मजली बिल्डिंगमध्ये राहतो. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर बाबा आणि मी. मी त्रेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. ते का, हे आत्याला विचारा, तिच्याकडे कारणांची यादी आहे. तिच्या आग्रहाखातर मी दोनदा समाजाच्या परिचय मेळाव्यात स्टेजवर उभी राहून माइकमध्ये माझी उंची आणि गोत्र सांगून आलेय. एका हॉलमध्ये सगळेच एकदम निरोप सोडत होते. कुणी कुणाकडे बघायचं ते कुणालाच कळेना, आणि शेवटी सगळ्यांची नाकं श्रीखंडाच्या काउंटरकडे वळली.

बाबा सत्तर वर्षांचे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. तिचा एक कडीचा स्टीलचा डबा होता, झाकणावर तिचं नाव कोरलेला. आणि तिचा एक नियम होता, कुणाचंही भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काहीच नसेल तर दोन चमचे साखर घालायची. आमच्या घरात साखरेचा अर्थ ठरलेला होता: तुमचं पोचलं, छान होतं, आता इथे संपलं. ज्यांच्याशी आईला फार वाढवायचं नसे त्यांच्या घरी साखर जायची. ज्यांच्याशी वाढवायचं असे त्यांच्याकडे करंज्या.

तिसऱ्या मजल्यावर गेल्या वर्षी एक बाई राहायला आल्या. चौसष्टच्या, सरळ पाठीच्या, आवाज एकदम खणखणीत. महूच्या. आजोबा फौजेत होते, त्या स्वतः टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागून अधिकारी होऊन रिटायर झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. सगळी बिल्डिंग त्यांना मॅडम म्हणते, मीही म्हणते. बुद्धपौर्णिमेला त्यांनी बिल्डिंगमध्ये घरोघरी स्वतः जाऊन खीर वाटली. बाबांनी ती दारात उभ्या उभ्याच खाल्ली. मग वाटी धुऊन हातात धरून मला म्हणाले, "बेटा, यात काय घालू?"

"साखर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरात पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला सांडलेला, आणि बाबा वाफेवर पोहे करताहेत. माझ्या आठवणीत या माणसाने चहाशिवाय काही केलेलं नव्हतं. पोहे वाटीत मावेनात, म्हणून त्यांनी फळीवरून आईचा डबा काढला, त्यात पोहे भरले, वर शेव, डाळिंबाचे दाणे, आणि टणाटण जिना चढून गेले. संध्याकाळी डबा परत आला. त्यात मॅडमच्या हातचे अनारसे.

झालं! तिथून तो डबा खाली-वर सुरू झाला तो थांबेचना. आज पोहे, परवा शंकरपाळे, मग भुट्ट्याचा कीस. बाबा रोज कुणाला तरी फोन करून विचारायचे, "भिया, कीस में दूध कब डालते हैं?" केसांना काळा रंग आला. सकाळी कचरागाडीत ओला कचरा टाकायला जाताना इस्त्रीचा शर्ट यायला लागला. बागेत रोज भेटणाऱ्या रिटायर मंडळींचा नाद सुटला, शब्दकोडी मागे पडली. हातातलं काम टाकलं! आणि वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की यांची मान छताकडे. मी वर्गात फळ्यावर काढते ते चित्र माझ्या हॉलमध्ये लुंगी नेसून बसलं होतं.

मी चिक्कार चिडवलं. "काय बाबा, आज अत्तर कुठल्या बाजूला लावलंय?" ते लाजायचे. सत्तराव्या वर्षी माणूस लाजतो तेव्हा भारी लोभस दिसतो, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच राग येत होता. आईचं नाव कोरलेला डबा कुणाच्या घरी जाऊन बसतो, तिथल्या ओट्यावर धुतला जातो, या कल्पनेने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मनाशी म्हणायचे, आईची जागा सांभाळणारं कुणीतरी हवं या घरात.

अशात आत्याचा फोन आला. बाबांची धाकटी बहीण, राहते लांब, पण बातमी तिच्याकडे आमच्या आधी पोचते.

"काय गं, दादाचं काय ऐकून राहिलेय मी? वरच्या मजल्यावर कोण आहे?"

"मॅडम आहेत. छान आहेत."

"छान असतील गं. पण आपल्यातल्या नाहीत ना?"

"आत्या, आपल्यातलं म्हणजे काय?" मी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"तुला माहितेय काय ते. मला कशाला बोलायला लावतेस? या वयात सोबत हवी, मान्य. तर मी बघते ना आपल्यातली कुणीतरी."

मी तिला बरंच सुनावलं. फोन ठेवल्यावर माझी मलाच शाबासकी दिली. पण ते वाक्य काही गेलं नाही. भाजी चिरताना, स्कूटीवर सिग्नलला थांबले की, ते आपलं असायचंच. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी खूप पाहिलीत. त्यातली एक रोज आरशात माझी वेणी घालते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे जिना चढायचा नाही. वॉकर घेऊन घरात फिरायचं, बस. त्याआधीच्या रविवारी बाबा मला म्हणाले होते, "मी बरा झालो की मॅडमशी एकदा बोलायचंय. स्पष्ट. तुझी हरकत नाही ना?" मी म्हणाले, "माझी कशाला असेल?" आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत निघून गेले.

म्हणजे बघा, बाबा जागच्या जागी खिळलेले, मॅडम आपण होऊन खाली यायला संकोचणाऱ्या, मध्ये एक जिना, आणि जिन्यावर मी. फोन करायला काय झालं होतं, असं कुणी म्हणेल. पण मॅडमनी तीस-पस्तीस वर्षं लोकांचे फोन जोडले होते, त्यांना आता ते यंत्र डोळ्यांसमोर नको असायचं. मुलाचा फोन यायच्या वेळी तेवढा मोबाइल चालू करायच्या. आणि बाबा म्हणायचे, "फोनवर काय बोलू? घाऱ्या तळल्या म्हणून सांगू?"

घाऱ्या खरंच तळल्या होत्या. वॉकर बाजूला ठेवून, ओट्याशी उंच स्टुलावर बसून, भोपळा किसून, गुळात शिजवून. आईच्या पद्धतीने, वेलदोडा घालून. पहिल्या चार करपल्या, त्या मला दिल्या. चांगल्या आठ निवडून डब्यात भरल्या, कडी लावली आणि म्हणाले, "जा, गरम आहेत तोवर देऊन ये."

मी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले. तिथे पाण्याच्या मीटरची पेटी आहे. आता मी हे ठरवून केलं असं नाही म्हणणार, पण माझ्या पर्समध्ये दुसरा रिकामा डबा होता आणि एका पुडीत साखर होती, तेव्हा ठरवलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. आठ घाऱ्या माझ्या डब्यात. आईच्या डब्यात दोन चमचे साखर. वर जाऊन बेल वाजवली, मॅडमनी दार उघडलं, "कसे आहेत?" विचारलं. "झोपलेत," मी म्हणाले. त्यांनी डबा घेतला. घाऱ्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गेल्या. "वा मॅडम, तुम्ही केल्या?" तिथल्या एका बाईंनी मला विचारलं. "हो," मी म्हणाले.

दोन दिवसांनी मॅडमनी डबा भरून दिला. बेसनाच्या वड्या, खमंग. त्या मी गाडीवर बसल्या बसल्याच संपवल्या, डबा नळाखाली धुतला आणि बाबांना दिला.

"काय दिलं?"

"काही नाही. रिकामा दिला."

"रिकामा?" बाबांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं. "बरं," म्हणाले.

मला वाटलं, जिंकले. मी त्या रात्री शांत झोपले, हे नमूद करायला हवं.

असं पाच आठवडे चाललं. खालून निघायचं काहीबाही, वर पोचायची साखर. वरून निघायच्या वड्या, चकल्या, एकदा पुरणपोळ्या, खाली पोचायचा रिकामा डबा. माझं वजन वाढलं. मॅडम एकदा स्वतः खाली आल्या, तर मी दारातच म्हणाले, "फिजिओथेरपी चालू आहे." आत बाबा टीव्ही बघत होते. मॅडमना टीव्ही ऐकू आला असणार, त्यांचा कान पस्तीस वर्षांचा तयार. त्या "बरं, येते" म्हणून वळल्या. त्यानंतर बाबांनी स्वयंपाकघरात जाणं कमी केलं. केसांची मुळं पांढरी दिसायला लागली. परत शब्दकोडं घेऊन बसले, पण पेन तसंच हातात. मला हायसं वाटत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

त्याच दिवसांत कॉलेजात यीस्टचं प्रॅक्टिकल आलं. आमचा इन्क्युबेटर पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमधून कसाबसा दुरुस्त होऊन आला होता, त्यामुळे या वर्षी पेशी बऱ्या वाढल्या होत्या. मुलांना मी दोन स्लाइड दिल्या. यातली गंमत अशी की ए पेशी एक एन्झाइम सोडते, आणि ते एन्झाइम अल्फाचा आलेला निरोप तोडून टाकतं. ज्याची वाट बघायची त्याच्याच निरोपाचे तुकडे! एका स्लाइडवर हे एन्झाइम असलेल्या नेहमीच्या पेशी होत्या, दुसरीवर एन्झाइम नसलेल्या.

मायक्रोस्कोपमधून बघून एक मुलगी म्हणाली, "मॅम, उलटंच झालंय. जी तोडत नाहीये, तिचं नाक भलतीकडेच चाललंय. तोडणारीचं बरोब्बर अल्फाकडे."

"उलटं नाही, तसंच असतं."

"पण निरोप तोडल्यावर जास्त कसं कळेल?"

मी तिला समजावलं. नाही तोडला तर सगळीकडे निरोपच निरोप, चहूबाजूंनी सारखाच, मग तो येतोय कुठून ते समजत नाही. तोडून टाकला की थोडा उरतो, आणि तो थोडाच सांगतो कुणीकडून आला. माझ्या त्या मेळाव्याच्या हॉलचं उदाहरणही दिलं. मुलीला पटलं. 

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी बाबांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, काठी घेतली आणि आईचा डबा मागितला.

"मी देऊन येते ना."

"नको. तू खूप नेलास."

आवाज चढला नव्हता. मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडून मला दाखवलं, तो रिकामा होता. मग म्हणाले, "मी पार्सल ऑफिसात नोकरी केली, बेटा. पाठवणाऱ्याने काय पाठवलं आणि पोचलं काय, एवढंच बघत आयुष्य गेलं. मधे कुणी हात मारला की गाठीवरून कळतं. तू पहिल्याच वेळी मला रिकामा डबा आणून दिलास, तेव्हाच कळलं. रिकामा डबा कोण देतं? एखाद्याला आपण अजिबात नको असलो तरी तो साखर घालतो. तुझ्या आईने आयुष्यभर एवढं एकच शिकवलं या घराला. आणि तू तिच्या नावाखाली हे करून राहिलीस."

आईची जागा सांभाळतेय म्हणून सहा आठवडे छाती फुगवून हिंडले होते, आणि आईचा एकुलता एक नियम मीच मोडला होता. इतकी साधी गोष्ट मला सुचली कशी नाही! चोरी करायची तर निदान डब्यात वडीचा एक तुकडा तरी ठेवायचा.

"मग तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू थांबशील म्हणून वाट बघितली," ते म्हणाले. "आणि खरं सांगू, मला भीती वाटत होती. तुला नकोच असेल तर मी काय करणार होतो? घर तुझंही आहे. पण मग म्हटलं, पोरगी जर एवढा आटापिटा करतेय, म्हणजे वर खरंच काहीतरी आहे. मलाच खात्री नव्हती आधी."

ते जिना चढायला लागले. एक पायरी, काठी, दुसरी पायरी. मी मागे हात धरायला गेले तर त्यांनी काठीनेच मला खाली राहा म्हणून खुणावलं. बारा पायऱ्या, वळण, मग आणखी बारा. वळणावर मीटरच्या पेटीपाशी ते दम खायला थांबले. मी खाली उभी राहून देवाला म्हणत होते, पडू देऊ नकोस, आणि त्याच वेळी, दार उघडू देऊ नकोस. दोन्ही मागण्या एका तोंडाने. दार उघडलं. बेल वाजायच्या आधीच उघडलं, काठीचा आवाज वर पोचला होता.

दुपारी मला वर बोलावणं आलं.

मॅडम ओट्याशी उभ्या होत्या. बाबा खुर्चीवर, पाय स्टुलावर. मी दारातच हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, चुकले मी. साखर मी घालत होते."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं," त्या म्हणाल्या. "बसा प्रोफेसरबाई. डब्याच्या झाकणाला आतून गुळाचा आणि वेलदोड्याचा वास, आणि आत काय, तर साखर. साखर गरम कधी असते का? मी ऑपरेटर होते. दोघांच्या बोलण्यात तिसरा कान लावून बसला की लाइनचा आवाज बदलतो. तो मला झोपेतही ओळखता येतो."

"मग तुम्ही वड्या पाठवत का राहिलात?"

"तुम्ही खात होतात म्हणून. डबा कसा धुतला होता, चाटूनपुसून! म्हटलं, पोरीला घरी कुणी करून घालत नसेल." बाबा हसले. जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. मग मॅडमचा आवाज जरा उतरला. "पण एक सांगते. साखर मला नवी नाही. आमच्या घरून गेलेल्या खिरीची वाटी साखर घालून परत करणारी पुष्कळ घरं मी लहानपणापासून बघितलीत. फार गोड बोलायची माणसं. खीर न चाखता कुठल्या मोरीत जायची तेही आम्हाला माहीत असायचं. या वेळी बुद्धपौर्णिमेला या बिल्डिंगमध्ये सात घरांतून साखर आली. एका घरातून पोहे आले. म्हणून पहिल्यांदा तुमची साखर आली ना, तेव्हा वास घ्यायच्या आधी एक मिनिट मी इथेच ओट्याला धरून उभी होते."

मला सांगायचं होतं की माझं ते कारण नव्हतं, आईचं होतं, मी तर सगळं खाल्लं, आवडीने खाल्लं, मी तर दर वर्षी वर्गात… पण आत्याचं ते वाक्य सिग्नलला माझ्या सोबत थांबलेलं असायचं, आणि मी त्याला कधी गाडीवरून खाली उतरवलं नव्हतं. शिवाय ओट्याला धरून उभ्या राहिलेल्या बाईला माझं कारण काय कामाचं? मी रडले, हेही सांगून टाकते. त्यांनी पाणी दिलं, ते प्यायले.

महिन्याभराने दोघांनी रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही मी केली. आत्या आली नाही. "तब्येत बरी नाही" म्हणाली. मी म्हणाले, "आत्या, तुझा निरोप पोचला, आता इथे संपलं," आणि फोन ठेवला. एवढी एक गोष्ट मी धड केली.

बाबा वर राहायला गेले. चोवीस पायऱ्या. आता खुर्ची सरकली की मान वर करायची पाळी माझी. ते दोघं दुपारभर शब्दकोडं सोडवत भांडतात, मला खाली ऐकू येतं. मी कॉलेजातून येते, कुलूप उघडते, टीव्ही लावते. पहिले दहा दिवस वरून कुणी बोलावलं नाही आणि मला जायचं तोंड नव्हतं.

अकराव्या दिवशी, रविवारी, बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही, उंबऱ्यात आईचा डबा. गरम होता. मी घाईघाईने कडी काढली. आत साखर होती. दोन चमचे, नीट सपाट केलेली.

बरोबरच होतं, माझंच माप माझ्या पदरात. झाकण परत लावायला गेले, आणि नाकाला वास लागला. झाकणाला आतून तूप, गूळ, वेलदोडा. भोपळ्याच्या घाऱ्या, आत्ता तळलेल्या, कुणीतरी मधल्या वळणावर काढून घेतलेल्या. वर जिन्यात दोन म्हातारी माणसं तोंडावर हात धरून हसत होती, आणि ते हसू त्यांना आवरत नव्हतं.

"नालायक आहात दोघं!" मी ओरडले.

"वर ये, गरम आहेत तोवर," बाबा म्हणाले.

मी चप्पल न घालताच निघाले. वळणापर्यंत गेले आणि परत फिरले. डब्यात त्यांचीच साखर होती, तीच परत कशी न्यायची? फ्रीजमध्ये शोधलं, डब्यांत शोधलं, काही नव्हतं, रोजची भाजी-पोळी सोडली तर इतकी वर्षं मी या स्वयंपाकघरात दुसऱ्यांचंच खात आले होते. शेवटी पोहे भिजवले. हळद जास्त पडली, मिठाचा अंदाज चुकला. ते डब्यात भरले, वर शेव घातली, आणि वर गेले.